अण्णांची गिटार

गिटार हे वाद्य छातीशी धरून वाजवावयाचे, डाव्या हाताची बोटे पडद्यांवर दाबावयाची आणि उजव्या हाताने तारा छेडावयाच्या, ही रीत सर्वांच्या पाहण्यातली आहे. परंतु याच वाद्याचा एक भाऊ असा आहे की, तो वादकाच्या मांडीवर उताणा पडून राहतो. त्याच्या तारा पट्टीपासून चांगल्या उंच उचललेल्या असतात. डाव्या हाताची बोटे तारांना दाबीत नाहीत. त्या हातात पोलादाची एक गुळगुळीत कांडी असते आणि ती तारांवरून नुसती घसरत जाते. कांडी जेथे थांबेल तेथे स्वर. आणि थांबली नाही तर एका स्वरातून दुसऱ्या स्वरात अखंड वाहत जाणारी मींड. या वाद्याला स्टील गिटार किंवा हवाई गिटार म्हणतात. गिरगावातील एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या अण्णांपाशी असली एक गिटार होती. तिची ही हकीकत आहे. मात्र ती सांगण्यापूर्वी हे वाद्य कोठून आले, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कारण त्यावाचून अण्णांनी काय गमावले आणि काय मिळविले याचा अंदाज येणार नाही.

पॅसिफिक महासागराच्या मध्यभागी हवाई नावाची बेटे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील राजाने गुरे राखण्याच्या कामासाठी मेक्सिकोकडील घोडेस्वार गुराखी बोलाविले. त्यांच्याबरोबर गिटार त्या बेटांवर आली. बेटांवरच्या लोकांनी ती आपलीशी केली आणि तारा सैल करून आपल्या गाण्याला मानवतील अशा निराळ्या स्वरांत त्या लावून घेतल्या. पुढे ओआहू बेटावरील लाईए या गावी १८७४ साली जन्मलेल्या जोसेफ केकूकू नावाच्या मुलाने, शाळेत शिकत असतानाच, लोखंडाचा तुकडा तारांवरून फिरवून पाहिला. त्या तुकड्याविषयी अनेक कथा आहेत. कोणी म्हणतात तो रेल्वेच्या रुळावर सापडलेला खिळा होता, कोणी म्हणतात तो फणी होता. कथा कोणतीही खरी असो, त्या मुलाने पुढे त्या खेळाची विद्या केली, हे मात्र निश्चित. शाळेच्या कर्मशाळेत त्याने तारांसाठी पोलादी कांडी घडविली, वर्षानुवर्षे मेहनत केली आणि १९०४ साली तो आपले वाद्य घेऊन अमेरिकेस गेला. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे मोठे जागतिक प्रदर्शन भरले. त्यातील हवाई बेटांच्या मंडपात हे संगीत लक्षावधी लोकांनी ऐकले आणि त्या देशात हवाई गिटारचे जणू वेडच पसरले.

या वाद्याची एक अडचण होती. त्याचा आवाज लहान. मोठ्या वाद्यवृंदात तो बुडून जाई. यावर तोड काढली ती लॉस एंजेलिस शहरातील जॉर्ज बीचम या वादकाने आणि अॅडॉल्फ रिकेनबॅकर या कारखानदाराने. तारांच्या भोवती घोड्याच्या नालासारखे दोन लोहचुंबक बसवावयाचे आणि तारांखाली तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे ठेवावयाचे. पोलादी तार कंप पावू लागली की चुंबकाचे क्षेत्र हलते, वेटोळ्यात विजेचा अत्यंत क्षीण प्रवाह उत्पन्न होतो, आणि तो ध्वनिवर्धकाने मोठा केला की तारेचा आवाज सभागृहाच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचतो. १९३१ साली त्यांनी नमुना तयार केला आणि १९३२ पासून वाद्ये विक्रीस आली. विजेवर चालणाऱ्या गिटारींपैकी बाजारात खऱ्या अर्थाने रुजलेली ही पहिली. आता आवाज पोकळीतून यावयाचा नव्हता. तेव्हा पोकळ पेटीची गरजच उरली नाही. म्हणून त्यांनी संपूर्ण गिटार अॅल्युमिनियमची ओतून काढली. लहानशी वाटोळी तबकडी आणि तिला लांबलचक दांडा! लोकांनी तिला ताबडतोब 'तवा' हे नाव ठेवले, आणि आजही जाणकार तिला त्याच नावाने ओळखतात.

असला एक तवा हिंदुस्थानात यावा यात नवल नाही. सामोआत जन्मलेले आणि हवाईत वाढलेले टाऊ मो हे वादक आपल्या कुटुंबाच्या मेळ्यासह देशोदेशी हिंडत असत. १९४० नंतरची काही वर्षे त्यांचा मुक्काम कलकत्त्यात होता. त्यांच्याकडून कित्येकांनी ही विद्या उचलली. बंगालमध्ये तर हवाई गिटार घरोघर शिकली जाऊ लागली. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतूनही असली वाद्ये वाजत. त्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक पुष्कळ असत. लहानपणी चर्चच्या शाळेत पाश्चात्य स्वरलिपी शिकल्यामुळे कागद समोर ठेवला की ते तो वाचून वाजवीत. १९५० च्या सुमारास मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतील नाचगाण्यांना ओहोटी लागली आणि यांपैकी बरेच वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. काहींनी परदेशची वाट धरली.

असाच एक गोमंतकीय वादक १९५८ साली आफ्रिकेस निघाला, तेव्हा त्याने आपला तवा अण्णांना विकला. अण्णा त्या वेळी पंचवीस वर्षांचे होते. दिवसा एका छापखान्यात खिळे जुळवीत आणि रात्री मिळेल त्या मेळ्यात साधी गिटार वाजवीत. पैसे एकरकमी देणे शक्य नव्हते. आईच्या हातातील पाटल्या गहाण पडल्या, आणि त्या सोडवावयास अण्णांना तीन वर्षे लागली. चाळीतील मुलांनी ते वाद्य प्रथम पाहिले तेव्हा आजींना, म्हणजे अण्णांच्या पत्नीला, "वहिनी, अण्णांनी धिरड्यांचा तवा आणला," अशी वर्दी दिली. ते नाव कायमचे चिकटले.

त्या तव्याने घर चालविले. हिंदी चित्रपटांच्या गाण्यांत, दोन कडव्यांच्या मधल्या जागेत, नदीवरच्या वाऱ्यासारखा लांबत जाणारा जो एक सूर कानी येतो, तो पुष्कळदा स्टील गिटारचा असतो. हजारा सिंग, व्हॅन शिप्ली यांच्यासारख्या वादकांनी या वाद्याला नाव मिळवून दिले. त्यांनी वाजविलेल्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर ऐकल्या जात. अण्णांचे नाव कोठे छापले गेले नाही. वाद्यवृंदातील साठसत्तर जणांत ते एक. सकाळी नऊ वाजता ध्वनिमुद्रणगृहात हजर व्हावयाचे, आपला सूर पुरवावयाचा आणि त्या दिवसाचा मेहनताना घेऊन घरी यावयाचे. गाणे गाजले तर ते गाणाऱ्याचे आणि संगीतकाराचे. यात अण्णांना कधी अन्याय वाटला नाही. रस्त्यातून जाताना एखाद्या उपाहारगृहात ते गाणे लागलेले असले की ते मधला तुकडा येईपर्यंत दाराशी उभे राहत आणि मग पुढे चालू लागत.

१९८० नंतर एकेका कळफलकाच्या यंत्रात दहा वाद्यांचे आवाज भरून येऊ लागले. वाद्यवृंद लहान होत गेले. अण्णांना बोलावणी कमी झाली आणि मग थांबली. अशा वादकाला निवृत्तिवेतन नसते. मुलगा एका दुकानात हिशेबनीस होता. त्याच्या पगारात सहा माणसांचे घर कसेबसे चाले.

वाद्य मात्र भिंतीवरच्या खुंटीला, आजींनी शिवलेल्या जाड खोळीत लटकत राहिले. दसऱ्याला ते खाली काढले जाई, अण्णा मऊ फडक्याने ते पुसत आणि झेंडूची फुले व आपट्याची पाने वाहून त्याची पूजा होई. वाजविणे मात्र २००३ पासून बंद पडले होते. अण्णांच्या डाव्या हाताला कंप सुटला होता. पडद्यांच्या गिटारीवर बोट थोडे मागेपुढे पडले तरी पडदा ते सावरून घेतो. येथे पडदा नाही. कांडी केसभर पुढे सरली की स्वर चढला, केसभर मागे राहिली की उतरला. ज्या हाताने चाळीस वर्षे केसभर जागाही सोडली नव्हती, तो हात आता आपल्या मनाने हलत होता. अण्णांनी त्याची कोणापाशी तक्रार केली नाही. त्यांनी फक्त ध्वनिवर्धक एका शाळेला देऊन टाकला.

अण्णांची नात सतार शिकत होती. दादरच्या गुरुजींकडे ती वयाच्या नवव्या वर्षापासून जात असे आणि गुरुजींनीच दिलेल्या एका जुन्या सतारीवर रियाझ करी. स्टील गिटारवाल्याच्या घरात सतार कशी, असा प्रश्न कोणाला पडेल. परंतु त्या दोन्ही वाद्यांचा जीव एकाच गोष्टीत आहे, आणि ती म्हणजे मींड. गिटारवर कांडी पुढे सरते. सतारीवर बोट त्याच पडद्यावर राहून तार आडवी ओढते, आणि तार जितकी ओढावी तितका स्वर चढतो. आपल्याकडे विचित्रवीणा आहे, तिच्यावर काचेचा गुळगुळीत गोळा फिरतो. दक्षिणेत गोटुवाद्यम् आहे. तंजावर प्रांतातील सखाराम रावांनी ते वाद्य मोठ्या योग्यतेस नेले. तेव्हा घसरत्या स्वराचे प्रेम काही हवाई बेटांवरून आपल्याकडे आयात झालेले नाही. जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरा यांनी अली अकबर खाँसाहेबांपाशी शिक्षण घेऊन स्टील गिटारवर राग वाजविले, आणि पुढे जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी त्याच गिटारला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा सिद्ध केली; १९९४ साली त्यांना अमेरिकेतील ग्रॅमी पारितोषिक मिळाले. अण्णा काबरांची तबकडी लावून नातीला म्हणत, "ऐक, हा आमचाच तवा आहे, पण चूल वेगळी."

नातीला सोळावे वर्ष लागले आणि २००७ च्या पावसाळ्यात त्या सतारीची दांडी वाकली. मुंबईच्या दमट हवेत जुन्या लाकडाचे असे होते. दांडी पुढे झुकली की तारा पडद्यांपासून उंच राहतात; दाबावयास जोर लागतो आणि मींड घेताना तार बोटात रुतते. कारागिराने ती एकदा सरळ करून दिली. दोन महिन्यांत ती पुन्हा वाकली. तीन स्वरांची मींड कशीबशी निघे, चौथा स्वर येईचना. नातीने कोणाला काही सांगितले नाही. एके दिवशी भाजी निवडताना तिच्या तर्जनीला आणि मधल्या बोटाला गुंडाळलेल्या चिंध्या आजींच्या दृष्टीस पडल्या.

अण्णा दुसऱ्या दिवशी दादरला गेले. गुरुजी स्पष्टवक्ते होते. ते म्हणाले, "अण्णा, मुलीत काही कमी नाही. पण या सतारीवर तिची मींड आता वाढायची नाही. उलट हात चुकीची ताकद लावायला शिकेल, आणि तो मोडलेला हात पुन्हा बसवणं फार कठीण. चांगली सतार घ्या, नाहीतर वर्षभर तिला थांबवा."

"थांबवून काय होईल?"

"तुम्ही वाजवणारे आहात. मी काय सांगू?"

अण्णा घरी आले. त्यांनी जेवण होईपर्यंत वाट पाहिली आणि मग खुंटीवरची खोळ खाली काढली. आजींना सर्व समजले. मुलगा म्हणाला, "अण्णा, मी पतपेढीतून कर्ज काढतो." अण्णांनी मान हलविली. त्या पतपेढीचे एक कर्ज अजून फिटावयाचे होते, हे दोघांनाही ठाऊक होते. नात मात्र रडू लागली. "अण्णा, माझ्यासाठी तुम्ही तवा विकू नका. मी ह्याच सतारीवर वाजवीन."

"बाळ," अण्णा म्हणाले, "चार वर्षं तो मुका बसलाय. तुझ्यासाठी विकतोय असं समजू नकोस. त्याला वाजवणारा हात इथे राहिला नाही."

हे अर्धे खरे होते. अर्धे काय होते, ते आजींना माहीत होते. रात्री दिवा मालवल्यावर अण्णांनी तो तवा पुन्हा खोळीबाहेर काढून बराच वेळ मांडीवर ठेवलेला त्यांनी पाहिला होता.

जुन्या सोबत्यांकडून बातमी पसरली आणि दोन गिऱ्हाइके आली. पहिला गृहस्थ एका मोठ्या उपाहारगृहाचा मालक. त्याला जुन्या चित्रपटांच्या काळातील वस्तूंनी भिंती सजवावयाच्या होत्या. ग्रामोफोनचे कर्णे, जुने कॅमेरे, हाताने रंगविलेली भित्तिपत्रके त्याने जमविली होती. तवा त्याने हातातही घेतला नाही. "काचेच्या पेटीत ठेवू, खाली तुमचं नाव लिहू," असे तो म्हणाला आणि त्याने किंमत सांगितली. ती अण्णांच्या अपेक्षेहून पुष्कळच अधिक होती. तेवढ्यात मिरजेची उत्तमातली उत्तम सतार आली असती, आणि वर पतपेढीचे कर्जही फिटले असते.

दुसरा होता कलकत्त्याचा एक तरुण. तो गाडीतून दोन रात्री प्रवास करून आला होता. तो तेथे मुलांना हवाई गिटार शिकवीत असे. खोलीत येताच त्याने अण्णांच्या पायांना हात लावला आणि बराच वेळ वाद्याकडे नुसता पाहत राहिला. मग त्याने त्याचा लहानसा ध्वनिवर्धक पिशवीतून काढला. विक्रेत्याने मालाची उणीव झाकावी हा बाजाराचा रिवाज. अण्णांनी आधी उणिवाच सांगितल्या. वेटोळे १९७१ मध्ये जळाले होते आणि नव्याने गुंडाळून घेतले होते. तिसरी खुंटी मूळची नव्हती. शिवाय संपूर्ण अंग अॅल्युमिनियमचे. रंगमंचावरच्या प्रखर दिव्यांखाली ते तापले की प्रसरण पावते आणि सूर ढळतात, म्हणून प्रत्येक गाण्यानंतर सूर तपासावे लागतात. "हा दोष पहिल्या दिवसापासूनचा आहे," अण्णा म्हणाले. "याच्यावर औषध नाही. सवय आहे."

तरुणाने बोटांना नख्या चढविल्या, कांडी हातात घेतली आणि भैरवीची एक धून वाजविली.

वादकाला आपल्या वाद्याचा आवाज नेहमी मागच्या बाजूने ऐकू येतो. अण्णांनी पन्नास वर्षांत आपला तवा समोर बसून कधी ऐकला नव्हता. खोलीच्या दाराशी चाळीतील माणसे जमली. अण्णा डोळे मिटून बसले होते. एके ठिकाणी कांडी कोमल ऋषभावरून षड्जावर उतरताना त्या तरुणाने किंचित घाई केली, तेव्हा अण्णांची भुवई हलली. धून संपल्यावर त्यांनी तेवढीच एक जागा पुन्हा वाजवावयास सांगितली. तरुणाने ती तीनदा वाजविली. तिसऱ्या वेळी अण्णा "हां," एवढेच म्हणाले.

मग किमतीची गोष्ट निघाली. तरुणाने खाली मान घालून आपल्यापाशी किती रक्कम आहे ते सांगितले. उपाहारगृहाच्या मालकाने देऊ केलेल्या रकमेच्या ती निम्म्याहून थोडीच अधिक होती. अण्णांनी दुसऱ्या दिवशी सकाळी येण्यास सांगितले.

त्या रात्री त्या घरात जो विचार झाला, तो कोणत्याही घरात सोपा नसता. एका बाजूस नातीची उत्तम सतार आणि मुलाच्या डोक्यावरचे ऋण. दुसऱ्या बाजूस केवळ ही इच्छा की, वाद्य वाजत राहावे. वाद्याला काय, काचेच्या पेटीतही ते सुखरूपच राहिले असते. कदाचित अधिकच सुखरूप. अण्णांनी मुलालाच विचारले, कारण अधिकच्या पैशावर खरा हक्क त्याच्या कर्जाचा होता. मुलगा पुष्कळ वेळ बोलला नाही. शेवटी म्हणाला, "हप्ते मी फेडीतच आलोय, अण्णा. आणखी दोन वर्षं फेडीन. पण जे येईल त्यात तिची सतार झाली पाहिजे. तेवढं बघा."

आजी म्हणाल्या, "अहो, घर बघून द्या. पैसा बघून देऊ नका."

सकाळी तवा कलकत्त्याच्या तरुणाला मिळाला. खोळही त्याच्याबरोबर गेली. कांडी मात्र अण्णांनी ठेवून घेतली. आणि गंमत अशी की, त्या तरुणानेच ती मागण्याचे टाळले होते. भिंतीवरची खुंटी काही दिवस मोकळी होती. मग आजींनी तिला पंचांग अडकविले.

सप्टेंबरात अण्णा नातीला घेऊन मिरजेस गेले. मिरज हे गाव दोन गोष्टींसाठी संगीताच्या जगात प्रसिद्ध आहे. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे तेथे दीर्घ काळ वास्तव्य होते. १९३७ साली त्यांचा देह पडला आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना चिरविश्रांती मिळाली. तेथे दर वर्षी गायक-वादक सेवा रुजू करतात. दुसरी गोष्ट म्हणजे मिरजेची तंतुवाद्ये. हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. संस्थानी फौजांचे दिवस सरले, शस्त्रांना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू यांनी आपले कसब तंबोरे-सतारींकडे वळविले. ज्या हातांनी शस्त्रे पाजविली, त्यांचेच वंशज आज जवारी घासतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. अण्णा तेथे गेले त्या वेळी मात्र ते व्हावयाचे होते.

सतारमेकर गल्लीतल्या एका दुकानात छतापासून भोपळे टांगलेले होते. हे भोपळे खाण्याचे नव्हेत. कडू असतात आणि त्यांची साल वाळल्यावर लाकडासारखी टणक होते. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस ते मुद्दाम पिकवितात. पुरते वाळल्यावर भोपळा कापावयाचा, पाण्यात भिजवून मऊ करावयाचा, आतून काठ्यांचा ताण देऊन हवा तो आकार आणावयाचा आणि पुन्हा वाळवावयाचा. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. ते लाकूड जितके मुरलेले तितके चांगले, कारण मुरलेले लाकूड पावसाळ्यात सहसा वाकत नाही. नातीने हे ऐकले आणि दांडीवरून हळूच हात फिरविला.

वृद्ध कारागिराने दोन नमुने दाखविले. एकावर वेलबुट्टीचे कोरीव काम, कडांना पांढरी नक्षी, वरच्या टोकाला दुसरा लहान भोपळा. दुसरी सतार साधी. किंमत ऐकून अण्णांनी मनातल्या मनात रक्कम मोजली. पहिलीला ती पुरत नव्हती. कारागिराने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तो म्हणाला, "अण्णा, नक्षी डोळ्यांसाठी असते. सूर तबलीत आहे, दांडीत आहे आणि जवारीत आहे. लाकूड दोघींचं एकाच खोडाचं. नक्षी सोडा, वरचा भोपळा सोडा. जवारी मी स्वतः लावून देतो." मग नातीकडे वळून, "बेटी, आवाज उघडा पाहिजे की बंद?"

हा प्रश्न अनेकांना कळणार नाही. सतारीची घोडी वरून सपाट दिसते, परंतु तिला अगदी सूक्ष्म उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर पुन्हापुन्हा टेकते, आणि त्यातून तो झणकार उत्पन्न होतो, ज्याला जवारी म्हणतात. उतार एका रीतीने घासला की आवाज झणझणीत, उघडा. दुसऱ्या रीतीने घासला की गोल आणि बंद. कानसेच्या दोन-चार फेऱ्यांचा प्रश्न. पण त्यांत सतारीचा स्वभाव ठरतो. नातीने अण्णांकडे पाहिले. अण्णा म्हणाले, "मला विचारू नकोस. वाजवणार तू."

ती थोडा वेळ विचारात पडली. "बंद," ती म्हणाली. "मींड लांबेपर्यंत सूर टिकायला हवा."

कारागीर हसला. त्याने विसार घेतला आणि दिवाळीनंतरचा वायदा केला.

वायदा पंधरा दिवस लांबला, हे सांगितलेच पाहिजे. जवारी लावणारा हात एकच होता आणि त्याच्यापाशी वाद्ये अनेक होती. डिसेंबराच्या सुरुवातीस अण्णा पुन्हा मिरजेस गेले आणि रेल्वेच्या तिसऱ्या बाकावर सतार आपल्या शेजारी उभी धरून रात्रभर जागे राहिले. सात मुख्य तारा आणि पडद्यांखालून जाणाऱ्या तेरा तरफा. तरफांना कोणी छेडीत नाही; वरची तार आपल्या स्वराला आली की खालची आपोआप जागी होते. गाडी रुळांचे सांधे ओलांडू लागली की खोळीच्या आत त्या तरफा अगदी बारीक आवाजात गुणगुणत. समोरच्या प्रवाशाने विचारले, "काय आहे हो यात?" अण्णा म्हणाले, "नातीची सतार."

जानेवारीत कलकत्त्याहून पत्र आले. तव्याच्या चौथ्या तारेत एक खरखर येत होती. काय करावे, अशी त्या तरुणाने विचारणा केली होती. अण्णांनी लगेच उत्तर लिहावयास घेतले. हाताच्या कंपामुळे अक्षर वाकडे येई, म्हणून त्यांनी मजकूर सांगितला आणि नातीने तो लिहिला. वेटोळ्याच्या कडेचा कोणता स्क्रू किती सैल करावा, येथपासून तारा कोणत्या जाडीच्या घ्याव्या येथपर्यंत पत्र चांगले चार पानांचे झाले.

पत्र पाकिटात घातल्यावर नात रियाझाला बसली. गुरुजींनी त्या आठवड्यात चार स्वरांची मींड दिली होती. तिने षड्जाच्या पडद्यावर बोट ठेवले आणि तार ओढली. ऋषभ आला, गंधार आला, मध्यम आला. पंचमाशी पोहोचताना तार थोडी अलीकडेच थांबली. स्वयंपाकघरातून आजींनी दूध उतू जात असल्याचे ओरडून सांगितले, पण कोणी उठले नाही. अण्णा खाटेवर बसून होते.

"अजून," ते म्हणाले. "केसभर."